ग्रीकांच्या लेखी तिरळा डोळा म्हणजे वाईट माणूस का?

फोटोवाला, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. मी अभ्यासक नाही. बसस्टँडच्या मागं बावीस वर्षांपासून फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट, बायोडाटा, बारसं, हार घालायच्या फ्रेमचा फोटो, जे येईल ते करायचं.

मागच्या महिन्यात एका एजंटानं फोटो दुरुस्तीचं नवं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं. त्यात चेहरा टाकला की शंभरपैकी गुण येतात आणि खाली लिहून येतं, 'ग्रीक गोल्डन रेशोनुसार'. गंमत म्हणून आईचा फोटो टाकला. आई जाऊन सहा वर्षं झाली. ५४ आले. म्हणजे आई सेकंड क्लासात पास. मला ४१ पडले, मी काठावर वाचलाव.

इथपर्यंत ठीक होतं. पंधरा दिवसांखाली केजकडच्या एका खेड्यातून बाप-लेक आले. बायोडाट्याचा फोटो पाहिजे. पोरगी बी.एस्सी. झालेली, डावा डोळा जरासा तिरळा. बाप म्हणाला, ''रंग उजळू नका, आमचा रंग लोकांला माहितंय. डोळा तेवढा सरळ करा.'' मी उजव्या डोळ्याची कॉपी काढली, उलटी केली, डाव्याच्या जागी बसवली. पाच मिनिटांचं काम. गुण ६१ चे ७८ झाले. पोरीनं स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाली, ''काका, मग त्यायला फोटोच दाखवा की. मी कशाला चहा घेऊन जाऊ?'' बाप हसला. मी पण हसलाव. सहा कॉप्या दिल्या, दीडशे रुपये घेतले.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जाईना. माझी लेक संभाजीनगरला तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करायलीय. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बाबा, ग्रीकांमध्ये 'सुंदर' आणि 'चांगलं' याला एकच शब्द होता. म्हणून विचारायलाव. त्यायला खरंच वाटायचं का, की दिसायला वाकडा तो मनानं वाकडा? आणि हे गुण द्यायचं खूळ त्यांचंच का?

एक विनंती. 'ऊस डोंगा' कुणी सांगू नका. शाळेपासून सगळ्यांनी ऐकवलंय, आणि ते म्हणणारे लोकच माझ्याकडं येऊन ''जरा स्मूथ करा'' म्हणतात.

निवृत्त मास्तर, नांदेड

दादा, आधी तुमच्या एजंटाचा निकाल लावू. तो रेशो ग्रीकांना ठाऊक होता, पण रेघ कापायला. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडनं भूमितीत सांगितलं की रेघेचे दोन तुकडे असे करा, की अख्ख्या रेघेचं मोठ्या तुकड्याशी जे प्रमाण तेच मोठ्याचं धाकट्याशी राहील. त्यात नाक, ओठ, हनुवटी काही नाही. त्याला 'सोनेरी' म्हणायला लागले ते १९व्या शतकातले जर्मन. चेहऱ्यावर जाळी टाकून गुण देणं हा त्याहून अलीकडचा धंदा.

अंगाची मापं घेणारा शिल्पकार होता तो पॉलिक्लेटोस, इ.स.पू. पाचव्या शतकातला. बोटाचं बोटाशी, बोटांचं तळहाताशी, तळव्याचं मनगटाशी, तिथून कोपरापर्यंत, असं सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे हा त्याचा आग्रह. त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं आणि भालाईताचा ब्राँझचा पुतळा घडवला. पुस्तक हरवलं. पुतळाही गेला, रोमन काळातल्या नकला तेवढ्या उरल्या. तेव्हा तुमच्या आईला ५४ देणारं ग्रीक कोष्टक आज कुणाच्याच हातात नाही. एजंटाला एवढं सांगा आणि पैसे परत मागा.

लेकीचं म्हणणं मात्र खरं आहे. 'कालोस' म्हणजे सुंदर, आणि उमदं, भलं, मानाचं सुद्धा. देखणा मुलगा कालोस आणि रणात आलेलं मरणही कालोस. उलट शब्द 'आइस्ख्रोस', म्हणजे कुरूप आणि लाजिरवाणं, दोन्ही एकदम. हे वाचून आपण लगेच त्यांना नावं ठेवतो. पण ''मुलगी चांगली आहे'' असं स्थळ सांगणारा म्हणतो तेव्हा तो स्वभाव सांगतो की चेहरा? अब्रू गेली की आपलं नाक कापलं जातं, तोंड काळं होतं, तोंड दाखवायला जागा उरत नाही. लाज आपणही चेहऱ्यावरच ठेवली आहे.

आता वाकड्या माणसाचं. होमरच्या 'इलियड'मध्ये, म्हणजे ट्रॉय शहराच्या लढाईवरच्या ग्रीक महाकाव्यात, दुसऱ्या सर्गात थर्सायटीझ म्हणून एक शिपाई येतो. पाय फेंगडे, एकानं लंगडा, खांदे छातीवर वाकलेले, डोकं निमुळतं, त्यावर चार केस. ट्रॉयला आलेल्यांत सगळ्यात कुरूप हाच, असं होमर सांगून टाकतो. हा उठून राजाला सुनावतो, की लूट तू खातोस, बायका तू ठेवतोस, आम्ही इथं कशाला मरायचं, चला घरी. ओडिसियस नावाचा ग्रीक सरदार त्याच्या पाठीत राजदंड हाणतो. वळ उठतो, तो रडतो, सैन्य हसतं.

मी अकरावीच्या पोरांना ही गोष्ट सांगायचो आणि थांबायचो. कारण पहिल्या सर्गात अकिलीस त्याच राजाला जवळपास हेच बोललेला असतो. अकिलीस देखणा, देवीच्या पोटचा. त्याचा राग म्हणजे महाकाव्य, आणि थर्सायटीझचा राग म्हणजे चहाटळपणा. ग्रामसभेत बसून बघा, कुणाचं म्हणणं इतिवृत्तात येतं आणि कुणाला ''खाली बस'' म्हणतात.

पण तिथल्याच एकानं या सगळ्याला सुरुंग लावला. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस हिप्पियस नावाच्या बड्या विद्वानाला विचारतो, सुंदर म्हणजे काय? हिप्पियस म्हणतो, सुंदर मुलगी. सॉक्रेटिस म्हणतो, मग चांगली घोडी? ती पण. आणि मडकं? नीट फिरवलेलं, नीट भाजलेलं, दोन कानांचं? हिप्पियसला राग येतो, थोरांच्या गप्पांत मडकं कुठून आणलं! मग तो सांगतो, सोनं. जिथं सोनं लागेल ते सुंदर. सॉक्रेटिस विचारतो, त्या मडक्यात डाळीचं कालवण शिजतंय, ते ढवळायला सोन्याचा डाव बरा की अंजिराच्या लाकडाचा? इथं हिप्पियस अडकतो. सोन्याच्या डावानं मडकं फुटेल, कालवण सांडेल, चूल विझेल. लाकडाच्या डावानं वास चांगला येईल. म्हणून लाकडाचाच सुंदर, कारण तो त्या मडक्याला शोभतो.

'शोभणं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. ग्रीकमध्ये 'प्रेपोन'. साडी शोभते आणि ''हे वागणं तुला शोभत नाही'', दोन्हीकडं आपण एकच क्रियापद लावतो.

खानावळवाली, परभणी

मास्तर, त्या डावावर मला बोलू द्या. आमच्याकडं रोज साठ-सत्तर डबे जातात. माझ्याकडं सासूबाईंचा लाकडी चाटू आहे, एका बाजूनं झिजून तिरका झालेला, काळा पडलेला. नवीन आलेली पोरगी म्हणती, ''मावशी, फेका हो, दिसतो कसा.'' पण पिठलं त्याच्यानंच हाटावं लागतं. झिजलेली बाजू पातेल्याच्या बुडाला बरोबर बसती, गुठळी राहत नाही. नवा चाटू आणला होता, गोल गरगरीत. पिठलं लागलं बुडाला.

तो तिरका आहे म्हणूनच कामाचा, हे त्या सॉक्रेटिसदादांनी सांगितलं का? नसेल तर माझ्याकडून घ्या.

बाकी ग्रीकांचं मला कळत नाही. त्या पोरीचं लग्न जमलं का?

कॅलिपरवाला, बीड

मास्तरांनी छान लिहिलंय, पण थर्सायटीझवर थांबू नका. मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर आहे. म्हणून 'इलियड' वाचताना मी दुसऱ्याच माणसाकडं बघत होतो. हेफेस्टस, लोहारकाम करणारा देव, दोन्ही पायांनी अधू. पहिल्या सर्गाच्या शेवटी देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा यांचं भांडण पेटतं, मैफल बिघडते. तेव्हा हा उठतो आणि लंगडत लंगडत सगळ्यांना अमृताचे पेले भरत फिरतो. सगळे देव खदाखदा हसतात, हसू थांबत नाही. भांडण मिटतं.

लोक म्हणतात, बघा, ग्रीक देव सुद्धा लंगड्याला हसायचे. हसायचेच. पण मला ती युक्ती ओळखू येते. शाळेत मास्तर कुणाला तरी झोडपायच्या बेतात असले की मी मुद्दाम पाय ओढत पाणी आणायला उठायचो. वर्ग हसायचा, मास्तर हसायचे, ते पोरगं वाचायचं. त्याची किंमत मला ठाऊक होती, होमरला ठाऊक होती का ते त्याच्या ओळींत दिसत नाही.

आणि त्याच हेफेस्टसकडं अकिलीसची आई ढाल मागायला येते. त्यावर तो अख्खं जग घडवतो. नांगरट, कापणी, द्राक्षाचा मळा, लग्नाची वरात, भांडणाचा निवाडा. तो सर्ग वाचताना त्याच्या पायाची आठवण कुणाला राहत नाही. काम करणाऱ्याचं काम घ्यायचं आणि चालीला हसायचं, हे तेव्हाही होतंच.

फार गोड करून सांगू नये म्हणून हेही लिहितो. स्पार्टा या ग्रीक राज्यात नवं बाळ वडीलधाऱ्यांपुढं न्यायचे आणि सुदृढ नसेल तर तायगेटोस डोंगराजवळ टाकून द्यायचे, असं प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक लिहितो. तो त्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहितोय, त्यामुळं त्यावर अभ्यासकांत वाद आहे. पण अशी गोष्ट तिथं अभिमानानं सांगितली जायची, एवढं मला पुरतं.

तेरकर

इथं माझ्या गावाचं नाव आलंच पाहिजे. तेर, धाराशिव जिल्हा. जुनं नाव तगर. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडचा एक ग्रीक बोलणारा व्यापारी समुद्रप्रवासाची टिपणं लिहून गेला. त्यात पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथलं कापड भडोचच्या बंदराला जायचं.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. इथं एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अशीच एक भोकरदनला मिळाली, आणि या दोघींची बहीण शोभावी अशी एक १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे बाई त्याआधीच तिथं पोचली होती. भरलेलं अंग, गळ्यात दागिने, हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायात जड वाळे. ती आरशाची मूठ असावी असा एक अंदाज आहे. तसं असेल तर तिकडची कुणी बाई आपलं तोंड बघायला आपल्याकडची बाई हातात धरत होती. फोटोवाले दादा, गोल्डन रेशोवाल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये आमची तेरची बाई टाकून बघा. नापास होईल.

अजून एक. ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र असतात हा समज चुकीचा आहे. ते रंगवलेले असायचे. केस, ओठ, डोळे, कपड्यांचे काठ, सगळं. मातीत राहून रंग उडाला, आणि नंतरच्या लोकांनी पांढऱ्यालाच सौंदर्य ठरवलं. लंडनच्या संग्रहालयात तर १९३०च्या दशकात अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची शिल्पं आणखी पांढरी दिसावीत म्हणून घासली गेली. ''जरा उजळ करा'' म्हणणारे फक्त तुमच्या दुकानात येत नाहीत.

झेनोफनीझ नावाचा ग्रीक तर म्हणायचा, इथिओपियाचे लोक आपले देव काळे आणि चपट्या नाकाचे सांगतात, थ्रेसचे लोक निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे. बैलांना हात असते तर त्यांनी बैलासारखे देव काढले असते. पोळ्याला आपण बैल रंगवतो. त्यांनी आपल्याला रंगवायचं मनावर घेतलं तर शिंगं नाहीत म्हणून आपण सगळेच कुरूप.

फोटोवाला, अंबाजोगाई

तेरकर, टाकली हो तुमची बाई. ३८. खरंच नापास!

मास्तर, 'शोभणं' वाचून एक कबूल करायचं राहिलंय. स्टुडिओत खुंटीवर एक काळा कोट आणि लाल टाय आहे. नोकरीच्या अर्जाला, बँकेच्या फॉर्मला जो येतो त्याला तोच. मागून चिमटे लावतो, म्हणजे किडकिडीत पोराला पण बसतो. ऊसतोडीवरनं आलेलं पोरगं कोट घातला की साहेब दिसतं. सगळ्यांना शोभतो. मग हे सुंदर झालं का खोटं?

निवृत्त मास्तर, नांदेड

तुम्ही नकळत त्या संवादाच्या पुढच्या पानावर पोचलात. सॉक्रेटिस 'शोभतं ते सुंदर' यावरही थांबत नाही. तो विचारतो, शोभणारी गोष्ट माणसाला सुंदर करते की सुंदर दाखवते? हिप्पियस म्हणतो, दाखवते. अंगाला बसणारे कपडे किंवा जोडे घातले की हास्यास्पद माणूसही देखणा दिसतो. सॉक्रेटिस म्हणतो, मग ही सौंदर्याच्या बाबतीतली फसवणूक झाली. थेट तुमचा कोटच. पुढं त्या दोघांना उत्तर सापडत नाही. सुंदर गोष्टी अवघड असतात, या म्हणीवर संवाद संपतो.

आणि बीडच्या मित्राचं वाचून आठवलं. सॉक्रेटिस स्वतः दिसायला कसा होता? नकटा, जाड ओठांचा, डोळे बाहेर आलेले. त्याचा शिष्य झेनोफन यानं एका मेजवानीची हकिगत लिहिली आहे, तिथं क्रिटोब्युलस नावाच्या देखण्या तरुणाशी हा सौंदर्याची स्पर्धा लावतो. म्हणतो, डोळे कशासाठी? बघण्यासाठी. तुझे समोरचंच बघतात, माझे बाहेर आलेत म्हणून बाजूचंही बघतात. क्रिटोब्युलस विचारतो, मग खेकड्याचे डोळे सगळ्यात सुंदर का? सॉक्रेटिस म्हणतो, अर्थात! नाकपुड्या वर उघडलेल्या, म्हणजे चहूकडचा वास येतो. परभणीच्या ताईंचा चाटू तो हाच.

पुढचं खास तुमच्यासाठी. मतदानाच्या वेळी सॉक्रेटिस दिवा क्रिटोब्युलसच्या तोंडाजवळ आणायला लावतो, परीक्षकांची फसगत नको म्हणून. सगळी मतं क्रिटोब्युलसलाच पडतात. सॉक्रेटिस तक्रार करतो की याच्या पैशानं परीक्षक बिघडवले, आणि मंडळी थट्टामस्करीत रमतात.

फोटोवाल्यांची मुलगी

बाबांनी माझं अर्धंच वाक्य इथं टाकलंय. मी पुढं सॅफोचंही सांगितलं होतं, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक आलं. लेस्बोस बेटावरची कवयित्री, इ.स.पू. ६०० च्या सुमाराची. तिची एक कविता इजिप्तमधल्या उकिरड्यात सापडलेल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, मिळाली, १९१४ मध्ये छापली गेली. ती म्हणते, कुणी म्हणतं घोडदळ, कुणी पायदळ, कुणी जहाजांचा तांडा या काळ्या मातीवर सगळ्यात सुंदर. मी म्हणते, ज्याचा ज्याच्यावर जीव आहे ते.

'काळी माती' हे तिचेच शब्द आहेत, मी मराठवाड्याचं म्हणून घुसवलेलं नाही.

बाबा, आजीचा फोटो त्या सॉफ्टवेअरमधून काढून टाका. आणि गोळी घेतली का?

फोटोवाला, अंबाजोगाई

घेतली गोळी.

परभणीच्या ताईंनी विचारलंय म्हणून सांगतो, लग्न अजून जमलेलं नाही. पाहुणे पुढच्या आठवड्यात येणारेत.

मास्तरांचा दिवा वाचला आणि रात्री दुकानात जाऊन ती फाईल उघडली. माझी चूक तेव्हा दिसली. छत्रीचा लाईट पोरीच्या उजव्या अंगाला होता. डोळ्यात उजेडाचा जो ठिपका पडतो तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पाहिजे. मी डोळा उलटा करून बसवला तर ठिपके आरशातल्यासारखे समोरासमोर आलेत. गावाकडच्या माणसाला कळणार नाही, पण कुणी फोटोवाला पाहुण्यांत निघाला तर एका नजरेत म्हणेल, डोळा दुसरा आहे. ७८ गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरला सुद्धा ते दिसलं नाही.

मी ज्यांच्याकडं काम शिकलो ते रोलच्या जमान्यातले. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे, तेव्हा दुरुस्ती काही नवी नाही. पण तिरळा डोळा ते कधी पुसायचे नाहीत. माणसाला खुर्चीवर बसवायचे, चेहरा थोडा वळवायचे, ''माझ्या हाताकडं बघ'' म्हणायचे, हात हळूहळू सरकवायचे. एका जागी दोन्ही डोळे माणसाच्या स्वतःच्या सवयीच्या जागी येऊन थांबतात. तिथं क्लिक. चार-पाच मिनिटं लागायची. मी पाच मिनिटांत डोळाच बदलला, म्हणजे वेळ काही वाचला नाही.

काल तिच्या वडिलांना फोन केला. म्हणालो, पहिल्या फोटोत लाईटची चूक झाली, पुन्हा काढू, पैसे नको. खोटं नाही सांगितलं. ते म्हणाले, ''डोळा?'' मी म्हणालो, आधी या तर. मागून पोरीचा आवाज आला, ''काका, कोणता डोळा?''

सोमवारी बाजारच्या गाडीनं येतील. खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवलीय.